रडली तर काय म्हणायचं

मिरच्यांचे देठ खुडता खुडता पायलचा हात डोळ्याला लागला आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. डावा डोळा पेटल्यासारखा झाला होता. उजव्या डोळ्यानं तिनं पाहिलं, नंबर ओळखीचा नव्हता. मनगटानंच फोन जवळ ओढून तिनं तो कानाशी दाबला. "पायल राजानंद मगरे का?" पुरुषाचा आवाज, पाठीमागं वायरलेसची खरखर. "ठाण्यातून बोलून राह्यलो. तुमचं व्हेरिफिकेशन आलंय पासपोर्टकडून. उद्या सकाळच्याला येऊन जा. ओरिजिनल कागदं आणा सगळी." ती "हो" म्हणाली. तिकडून फोन ठेवला गेला तरी ती पुन्हा एकदा "हो" म्हणाली. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. हा फोन येणार हे तिला माहीत होतं, ती त्याची वाटच पाहत होती. व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या एका शाळेनं तिला रीतसर नोकरी देऊ केली होती, नोकरीच्या परवान्यासाठी इथल्या पोलिसांचा दाखला हवा होता, तिनंच अर्ज केला होता, फोन नंबरही तिनंच दिला होता. तरीसुद्धा पोटऱ्यांमध्ये काहीतरी पातळ होऊन हळूहळू टाचांकडे उतरलं. ही जागा तिच्या ओळखीची होती. लोकांची भीती छातीत असते, पोटात असते, तिची पोटऱ्यांत होती. डोळ्यातून पाणी गळत होतं ते एक बरं होतं, कुणी विचारलं तर सांगायला मिरची होती.

"कुणाचा व्हता गं फोन?" आईनं, बेबीनंदानं, आतून विचारलं. "पोलीस स्टेशनचा. उद्या बोलावलंय." ओट्यावर पेपर वाचत बसलेले पपा उभे राहिले. त्यांना उठून कुठं जायचं नव्हतं. ते नुसते उभे राहिले, पेपर हातात तसाच, आणि मग उभं राहिल्याचं लक्षात आल्यावर उगीच दाराच्या कडीशी खुडबुड करू लागले. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांवर पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवलेला हा माणूस. वाटूरपासून परतूरपर्यंत कुठल्याही टपरीवर थांबला तर कुणीतरी मिशावाला गडी उठून "गुरुजी, बसा" म्हणायचा. तरी रस्त्यानं पोलिसांची गाडी गेली की पपा उभे राहायचे. पायलनं लहानपणापासून ते पाहिलं होतं. वर्गमैत्रिणींचे वडीलही असेच उभे राहतात असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं. "मी येतो संगं," पपा म्हणाले. आई बाहेर आली, ओल्या हातांनी, आणि पपांकडे बघत राहिली. "तुमी? ठाण्यात?" "माझी मी जाईन, पपा," पायल म्हणाली, "दाखल्याचं तर काम आहे." "मी येतो म्हणलं ना," ते म्हणाले आणि पुन्हा बसले, पण पेपर उलटा धरून.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की मगरे गुरुजींची पायल परदेशात शाळेवर मॅडम होती. शाळा कुठली, मॅडम कसली, ते कुणी विचारलं नव्हतं आणि घरानंही सांगितलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगायचं, हा या घराचा नेम होता. आजीपासून चालत आलेला. हो म्हणायचं, नाही म्हणायचं, आणि तिथंच थांबायचं, पुढचं वाक्य बोललात की त्याला धरून कुणीतरी आत शिरतं. आणि पायल तिकडं जाऊन जे विकत होती ते नेमकं पुढचंच वाक्य होतं. इंग्रजी येणारी पण इंग्रजी बोलता न येणारी माणसं तिच्याकडे यायची. बोटीवरचा इंजिनिअर, मुलाखतीला निघालेली मुलगी, बुटांच्या कारखान्यातला मॅनेजर. लान नावाच्या बाईच्या कॉफीच्या दुकानात, मागच्या टेबलाशी, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर गुडघे दुमडून ती त्यांच्याशी तासभर बोलायची. एवढंच काम. बोलायचं. एका शब्दात उत्तर देऊ नका, ती त्यांना सांगायची, उत्तर संपलं की आणखी एक वाक्य जोडा, कुठलंही जोडा, मग समोरचा माणूस तुमच्याशी बोलायला लागतो. हे सांगताना तिला घरचा ओटा आठवायचा आणि आपण काहीतरी चोरून आणून इथं विकतो आहोत असं वाटायचं. जालन्यातल्या इंग्रजी शाळेत ती शिकवायची तेव्हा साठ पोरांसमोर ओरडून घसा बसायचा, महिन्याच्या शेवटी हातात काही राहायचं नाही. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं तिला हायफाँगला बोलावून घेतलं. मैत्रीण पुढं लग्न करून निघून गेली, पायल राहिली. व्हिसा टुरिस्टचा होता. तो संपत आला की बसनं लाओसच्या सीमेपर्यंत जायचं, बाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं. सगळेच करतात, मैत्रिणीनं सांगितलं होतं. सगळेच करतात हे वाक्य दिवसा खरं वाटायचं. सीमेवरच्या खिडकीसमोर रांगेत उभं असताना, काचेमागचा माणूस एकेक पान उलटत असताना, सगळे म्हणजे कोण, ते पायलला आठवायचं नाही.

मग क्वान आला. लाननंच आणला. "माझ्या गल्लीतला आहे, चांगला माणूस आहे, ऑफिसात काम करतो," लान म्हणाली होती. चाळिशीचा, ठेंगणा, केस नीट मागं वळवलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बुटक्या स्टुलावरही तो ताठ बसायचा. पहिल्या दिवशी त्यांनी हवेवर बोलून घेतलं, दुसऱ्या दिवशी जेवणावर. त्याला माशाचं कालवण आवडायचं, त्याच्या आईला पक्षाघात झाला होता, तो तिला रोज सकाळी फिरवून आणायचा. सावकाश, एकेक शब्द तोलून ठेवल्यासारखा तो बोलायचा, आणि पायलला तो बरा वाटायला लागला होता. त्यानंतरचा तास कामधंद्यावर होता. तुम्ही काय करता, एवढाच प्रश्न, सगळ्यांना विचारायचा ठरलेला. क्वाननं थोडा विचार केला आणि म्हणाला, "आय कंट्रोल फॉरेन पीपल." आणि पायलच्या तोंडून, सवयीनं, निघून गेलं, "कंट्रोल नाही. चेक. आय चेक." "आय चेक," तो म्हणाला, "आय चेक फॉरेन पीपल. पासपोर्ट. व्हिसा. पेपर." आणि उत्तर संपल्यावर, तिनं शिकवलं होतं तसं, त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "आय ॲम पोलीस."

बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलमोहर फुललेला होता. त्या गावात गुलमोहर फार, गाव त्यासाठीच प्रसिद्ध. पायल गुलमोहराकडे बघत राहिली कारण दुसरीकडे कुठं बघावं ते कळेना. जालना रोडला असाच गुलमोहर आहे, तिच्या मनात आलं, आणि तो फुलला की पपा म्हणायचे, परीक्षा संपल्या. पोटऱ्या पाण्यासारख्या झाल्या होत्या, उठली असती तर पडली असती. म्हणून ती उठली नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला, तुम्हाला तुमचं काम आवडतं का. तो म्हणाला, कधी आवडतं, कधी आवडत नाही. आणि तिनं त्याला "कधी कधी" इंग्रजीत वाक्याच्या कुठं घालायचं ते समजावून सांगितलं. तास संपल्यावर तो नेहमीसारखा वाकून नमस्कार करून गेला. त्यानं तिला काहीच विचारलं नव्हतं. तू इथं कोणत्या व्हिसावर आहेस, तुझ्याकडे परवाना आहे का, काहीच नाही. लान भांडी विसळत होती. तिला ठाऊक होतं का? लानच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळायचं नाही. पायलनं विचारलं नाही. विचारलं असतं तर लान उत्तर देईल ही भीती होती.

त्यानंतर तो येतच राहिला. ती निघून का गेली नाही, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. अचानक तास बंद केले तर त्याला संशय येईल, असं ती स्वतःला सांगायची. त्याला काहीच ठाऊक नसेल, असंही सांगायची. आणि त्याला सगळं ठाऊक आहे, तो पहिल्या दिवसापासून त्यासाठीच येतोय, असंही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटायच्या. रस्त्यानं चालताना मागं स्कूटर हळू झाली की मान आखडायची. खोलीचं दार कुणी वाजवलं की ती श्वास धरून, अंथरुणाच्या कडेला, पाय न हलवता बसून राहायची, घरमालकीण बाहेरून फळं ठेवून निघून जाईपर्यंत. आईचा फोन आला की मात्र आवाज मोकळा काढायची. "बराबर जेवती का?" "हो." "काही तरास?" "नाही." आणि क्वान समोर बसला की, आश्चर्य म्हणजे, भीती थोडी कमीच व्हायची. तो समोर असेपर्यंत तो दुसरीकडे कुठं नव्हता. एकदा तो म्हणाला, मला प्रश्न विचारायला शिकवा. माझ्या कामाचे प्रश्न. मग ती त्याला ते प्रश्न शिकवू लागली. तुम्ही इथं कशासाठी आला आहात. इथं किती दिवस राहणार. इथं काम करता का. कुणाकडे. त्याचे उच्चार नीट व्हावेत म्हणून तो तेच प्रश्न तिला पुन्हा पुन्हा विचारायचा आणि सरावासाठी तिला उत्तरं द्यावी लागायची. "मी प्रवासी आहे," ती म्हणायची. "तुम्ही काम करता का?" "नाही." "काम" या शब्दावर त्याचा जोर चुकायचा आणि ती तो दुरुस्त करायची, जीभ कुठं लावायची ते दाखवायची. आपल्याच गळ्याचं माप आपण देतो आहोत असं वाटायचं आणि तरी माप नीट द्यावंसं वाटायचं. तो शिकत होता, चांगला शिकत होता, आणि त्याचा आनंदही तिला व्हायचा. त्या आनंदाची तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

सकाळी वाटूर फाट्यावरून जीप मिळाली. पपांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि कागदांची पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. पायल खिडकीशी. पऱ्हाटी फुटून कापसानं पांढरी झालेली शेतं, मध्येच मोसंबीची बाग, मध्येच मेंढरांचा कळप आणि त्याच्या पुढं चालणारा उंच माणूस. ड्रायव्हरनं गाणी लावली होती. "काय इचारतील?" पपांनी हळूच विचारलं. "नाव, पत्ता. गुन्हा आहे का एखादा. तिकडं काय करत होते ते विचारतील कदाचित." पपांनी मान हलवली आणि थोड्या वेळानं म्हणाले, "फिरायला गेल्ते म्हणायचं." "पपा." "मैत्रीन हाय तिकडं, तिच्याकडं गेल्ते म्हणायचं. एवढंच. जास्तीचं बोलायचं न्हाई." त्यांच्या कपाळावर घाम आला होता, सकाळच्या गार वाऱ्यात. पायलला आजीनं सांगितलेली गोष्ट आठवली. पपा तेव्हा शाळेत शिकत होते. गावात बंद झाला होता, कुणीतरी एसटीच्या काचा फोडल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत गाड्या आल्या, सोळा वर्षांचा दिसेल तो पोरगा धरायला. पपा कडब्याच्या गंजीत शिरले. आजी दारात उभी राहून प्रत्येक प्रश्नाला "न्हाई" म्हणत राहिली. कडब्याचा भुसा नाकात जात होता, शिंक येत होती, आणि पपांनी नाक आणि तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं, इतकं की नंतर ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांची शुद्ध गेलेली होती. आजी हसत सांगायची ही गोष्ट. माझा राजा शिंक गिळून जगला, म्हणायची. पपा तेव्हा उठून जायचे. पपांनी स्वतः ही गोष्ट कधी सांगितली नाही, आणि पायलनं विचारली नाही. जीपमध्ये त्यांच्या मांडीवरच्या हातांकडे बघताना तिला वाटलं, क्वानसमोर बसलेली असताना मी जी घाबरत होते ती सगळी मीच होते का, की त्यातला काही भाग आधीच घरातून माझ्यासोबत आला होता. आई देते ते लोणचं जसं सामानात येतं, तसा.

शेवटच्या तासाला क्वान उशिरा आला. शर्टाची वरची गुंडी उघडी होती, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. त्यानं कॉफी मागवली आणि प्यायली नाही. तिकडं कॉफीखाली घालतात ते घट्ट गोड दूध पेल्याच्या तळाशी तसंच पांढरं बसून राहिलं. त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, उद्या एक बाई आहे. परदेशी. शिक्षिका. कागद नाहीत. मला तिच्याशी बोलायचं आहे, साहेबांनी मला सांगितलंय, कारण ऑफिसात आता सगळ्यात चांगलं इंग्रजी माझं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला, आणि गेला. "मला वाक्यं द्या," तो म्हणाला. पायलनं वाक्यं दिली. तुम्ही नियम मोडला आहे. तुम्हाला देश सोडावा लागेल. तुमचं सामान घ्या. तिच्या आवाजाला काही झालं नव्हतं, आवाज वर्गातला होता, स्वच्छ, थोडा चढा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ती बाई म्हणजे आपणच, यात तिला शंका राहिली नव्हती. हा माणूस मला अटक करायची आहे ती नीट, चुका न करता करावी म्हणून माझ्याकडून शिकून घेतो आहे. एकदा तिला वाटलं, चुकीची वाक्यं द्यावीत. पण चुकीचं वाक्य सुचेना. त्यानं एकेक वाक्य म्हटलं, तिनं दुरुस्त केलं, त्यानं पुन्हा म्हटलं. मग तो थांबला. टेबलावरचा ओला गोल डाग बोटानं पुसत म्हणाला, "ती रडेल. बायका रडतात. रडली तर मी काय म्हणायचं?"

इंग्रजीत माणूस रडला तर काय म्हणतात? शांत व्हा, हे पायलला येत होतं, पण ते दरडावल्यासारखं वाटलं. रडू नका, हे तर आणखी वाईट. मराठीत काय म्हणतात, ती आठवू लागली, आणि तिला आठवलं की घरी कुणी रडलं तर कुणीच काही म्हणायचं नाही, आई फक्त पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवायची. तांब्याला इंग्रजी नव्हतं. शेवटी तिनं सांगितलं, "प्लीज टेक युअर टाइम." "म्हणजे?" "म्हणजे घाई नाही. हवा तेवढा वेळ घ्या." त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "सराव करू. तुम्ही ती बाई." पायलनं मान हलवली. त्यानं पाठ ताठ केली आणि सुरुवात केली. तुमचं नाव काय. तुम्ही इथं कशासाठी आलात. तुम्ही काम करता का. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही इंग्रजी शिकवता. कॉफीच्या दुकानात," तो म्हणाला, आणि हे वाक्य तिनं दिलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतः बनवलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून शब्दाऐवजी दुसरंच काही आलं. ती रडायला लागली. सरावाचं नव्हे. खांदे हलत होते, नाक वाहत होतं, लाननं नळ बंद केला तो आवाज ऐकू आला, आणि थांबवता येत नव्हतं. क्वान बघत राहिला. मग तो म्हणाला, "प्लीज टेक युअर टाइम." जोर बरोबर जागी. आणि खरंच थांबला. घड्याळाकडे बघितलं नाही, तिच्याकडेही बघितलं नाही, पेल्यातल्या पांढऱ्या दुधाकडे बघत, हात गुडघ्यांवर ठेवून, तो थांबला. कितीतरी वेळानं त्यानं विचारलं, तुमचा व्हिसा कधी संपतो. त्या वाक्यात चूक होती, पायलच्या जिभेवर दुरुस्ती आलीही होती. तिनं तारीख सांगितली. "त्याच्या आधी जा," तो म्हणाला. "उद्या दुसरी बाई आहे. नंतर, मला माहीत नाही. मला तुम्हाला विचारायचं नाही." तासाचे पैसे त्यानं नेहमीसारखे पेल्याखाली ठेवले, वाकून नमस्कार केला आणि गेला.

तो चांगुलपणा होता की धमकी, हे ती विमानात विचार करत राहिली, घरी येऊनही करत राहिली. दोन्ही असेल. ती दुसरी बाई कोण होती, रडली का, त्यानं तेच वाक्य म्हटलं का, हे तिला कधी कळलं नाही. वर्ष उलटल्यावर लानचा निरोप आला. नणंदेनं मुलांची शाळा काढली आहे, कागद सगळे रीतसर करू, तू ये. आणि पायलनं, कुणाला विचारण्याआधी, हो कळवलं.

ठाण्यात टेबलामागं जमादार बसले होते. छातीवरच्या पाटीवर बिभीषण एवढंच वाचता आलं, आडनावावर खिशाची पट्टी आली होती. डोक्यावर पंखा, भिंतीशी जप्त केलेल्या मोटारसायकलींची ओळ. "बसा," ते म्हणाले. पायल बसली. पपा उभेच राहिले. "बसा की, काका." पपा बसले, खुर्चीच्या अगदी कडेला. जमादारांनी पासपोर्ट उघडला, एकेक पान उलटलं. तोच आवाज, पान उलटल्याचा, आणि पायलच्या पोटऱ्या गेल्या. "लैच शिक्के हायेत. तिकडं काय करत व्हत्या?" "फिरायला गेल्ती साहेब," पपा एकदम म्हणाले, हात जोडून, "मैत्रीन हाय तिची तिकडं, तिच्याकडं गेल्ती, बस." जमादारांनी पपांकडे बघितलं नाही, ते पायलकडे बघत होते. आता नुसतं हो म्हणायचं होतं. एवढंच. पायलला पपांचे जोडलेले हात दिसत होते, हातांवरची पांढरी लव दिसत होती, आणि तिला जाणवलं की आपण हो म्हणालो तर हे हात असेच राहतील. "शिकवत होते," ती म्हणाली. "इंग्रजी बोलायला शिकवत होते, खासगीत. परवाना नव्हता तेव्हा. आता काढायचाय, म्हणून दाखला पाहिजे." पपांनी डोळे मिटून घेतले. पंख्याचा आवाज मोठा झाला. "परवाना, म्हंजे तिकडचा?" जमादारांनी विचारलं. "हो." "मंग ते तिकडच्यानी बघावं. इथं काही केस हाय का तुमच्यावर?" "नाही." "झालं मंग," ते म्हणाले आणि कागदावर हात ठेवून बसले. काहीच झालं नाही. इतकी सोपी गोष्ट होती याचाच तिला धक्का बसला, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी तसा.

पण जमादारांचा हात कागदावरून उठेना. "बोलायला शिकवता म्हंजे कसं?" त्यांनी विचारलं. "आमची मोनिका. बारावी झाली. इंग्रजी सगळं येतंय तिला, पेपरात मार्क हायेत, पण बोलत न्हाई. तोंडच उघडत न्हाई." ते टेबलाकडे बघत म्हणाले, "माझ्याशी तर मराठीतबी बोलत न्हाई आताशा. तुमी जाईपर्यंत घेता का तिला, तासभर?" पुन्हा तेच, पायलच्या मनात आलं, टेबल तेच, माणूस तोच, आणि कागद त्याच्या हाताखाली. "का न्हाई साहेब," पपा घाईघाईनं म्हणाले, "रोज येईल की, तिला काय, मोकळीच हाय, तुमी सांगाल तवा—" "घेईन," पायल म्हणाली. "पण मी फी घेते." आपला आवाज तिला लांबून ऐकू आला. जमादार क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात उचलला, कागद तिच्याकडे फिरवला आणि पेन पुढं केलं. "घ्या की. फुकट कोन म्हणलं?" ते म्हणाले. "इथं सही करा तुमची." खाली त्यांची सही कधीच झालेली होती. शाईही वाळली होती. प्रतिकूल काही आढळले नाही, असं त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं, आणि सही करताना तिचं स्वतःचं नाव वाकडं आलं.

बाहेर आल्यावर पपा पायऱ्यांवर बसले. बसायचं ठरवून नव्हे, पायच राहिले नाहीत. पायल त्यांच्या शेजारी बसली. समोर रस्ता, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, घुंगरांचा आवाज. "काय गरज व्हती?" पपा म्हणाले. "फीचं काय बोलायची गरज व्हती?" त्यांचा आवाज चिडका होता. मग समोरच बघत त्यांनी विचारलं, "तिकडं भ्या वाटलं व्हतं का तुला?" हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता. "रोज," ती म्हणाली. "आमाला न्हाई सांगितलं कधी." "तुम्ही विचारलं नाही." पपांनी मान हलवली, ते बरोबर असल्यासारखी. "मंग परत कशाला जाती, बेटा?" पायलनं विचार केला. पैशाचं सांगता आलं असतं, शाळेचं, परवान्याचं. "इथंबी वाटतंच की, पपा," ती म्हणाली.

पपा तिच्या खांद्यावर हात टेकून उठले. एवढा भार त्यांनी तिच्यावर आजवर कधी टाकला नव्हता. पँटची धूळ झटकली. ते रस्त्याकडे निघतील असं तिला वाटलं, पण ते मागं वळले आणि पायऱ्या चढू लागले. "पपा? काय राहिलं?" "तहान लागली," ते म्हणाले. दारातल्या शिपायाला त्यांनी काहीतरी विचारलं, त्यानं आत बोट दाखवलं, आणि पपा एकटे आत गेले. पायल पायरीवरूनच बघत राहिली. आतल्या अंधारात पांढरा शर्ट लांब गेला, कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या मशिनपाशी थांबला, वाकला. पेला तोंडाला लावून, मान मागं टाकून, पपा पाणी पीत होते. सावकाश पीत होते. शेजारून एक हवालदार फाइल घेऊन गेला तरी त्यांनी पेला खाली आणला नाही. तिनं श्वास धरून ठेवला होता. मग ते बाहेर आले, बाहीनं तोंड पुसत, शर्टाच्या छातीवर पाण्याचा ओला डाग घेऊन.

"गार हाय," ते म्हणाले. "जा, तूबी पिऊन घे."